स्पीकरवरची खुशाली

प्रिय बॉबिन,

सासूबाईंचे गुडघे कसे आहेत? मी आले होते तेव्हा जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबून कठड्यालाच नावं ठेवत होत्या. सासऱ्यांचा खोकला गेला, की अजून नको असलेला पाहुणा आला की उसळतो? जावईबापूंची पाठ? त्यांच्या खुर्चीसाठी कापूस ठासून उशी पाठवली होती, ती पाठीला लागते की नुसती खुर्चीची शोभा झाली? मागच्या दाराशी येणारं ते कानफाटं मांजर जगलं का? बाळ आता आतून लाथा झाडत असेल. झाडू दे, तुझ्यावर गेलं असेल तर पुढे अजून जोर लावेल. आणि तू? तुझी चौकशी मुद्दाम शेवटी ठेवली. फोनवर मी ती सगळ्यात आधी करते, आणि ‘मजेत’ हे उत्तर इतकं झटकन येतं, की कुणीतरी ते आधीच कापून, इस्त्री करून, घडी घालून ठेवलंय असं वाटतं.

इकडे आम्ही बहीण-भाऊ आहोत तसेच आहोत. तुझ्या बाबांनी कानाचं नवं यंत्र घेतलं आणि ते खराब होऊ नये म्हणून ड्रॉवरमध्ये जपून ठेवलं. त्यामुळे ते फोनवर बोलतात तेव्हा समोरच्या बेकरीवाल्याला आपल्या घरातलं सगळं कळतं. परवा मी पाव घ्यायला गेले तर म्हणाला, भाचीबाईंना सांगा, पायांना सूज असेल तर खाली उशी घेऊन निजायचं. म्हणजे बघ, तुझ्या पायांची सूज गल्लीला ठाऊक आहे, आणि मला मात्र तू आत्तापर्यंत एकदाही एकटीने, हळू आवाजात, काही सांगितलेलं नाहीस.

शिवणाच्या खोलीत अजून तुझी जागा तशीच आहे. तुझी आई गेली तेव्हा तू मशीनच्या टेबलाखाली जाऊन बसायचीस आणि माझी सगळी दोऱ्याची बॉबिनं फ्रॉकच्या ओच्यात गोळा करायचीस. मी वर शोधत बसायचे, तू खालून एकेक विकल्यासारखी द्यायचीस. नाव पडलं ते तिथेच. मीही शिकले ती त्याच टेबलावर. शाळा लवकर सुटली, पण कपड्यांचे नमुने कापायला रद्दीतली वर्तमानपत्रं यायची आणि कापण्याआधी मी ती वाचायचे. कापल्यानंतरही वाचायचे, फक्त तेव्हा बातमी नेमकी काखेत तुटलेली असायची आणि पुढचं काय झालं असेल ते आपल्या मनाने लावावं लागायचं. तुझे बाबा म्हणतात, तुझा संशयी स्वभाव तिथूनच आला. असेल. दूध मी वास घेतल्याशिवाय तापवत नाही, गिऱ्हाईक गेलं की कात्री जागेवर आहे का ते बघते. ते म्हणतात, तू आरशातल्या बाईकडेही ओळखपत्र मागशील. म्हणून मी जे लिहिणार आहे ते वाचताना हेही लक्षात ठेव, की लिहिणारी बाई मुळात अशी आहे.

तुला दिवस राहिले आणि जावईबापू पेढीवरच्या माणसासारखे गंभीर चेहरा करून माझ्याकडे आले, आठवतं? फोनमधून किरणं निघतात, म्हणाले. आता तिने फोन कानाला लावायचा नाही, स्पीकरवर बोलायचं, अंगाशी बाळगायचा नाही, उशाशी ठेवायचा नाही, कमीत कमी वापरायचा. बोलता बोलता माझ्या खडूने माझ्याच टेबलावर फोनचं चित्र काढून भोवती गोल गोल रेघा मारल्या. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. बायकोची इतकी काळजी करणारा माणूस मी आपल्या घरात तरी पाहिलेला नव्हता. मीच तुला बजावलं, ते म्हणतात तसं ऐक. त्याच बैठकीत त्यांनी शर्टाचं माप दिलं. छातीवरचा खिसा जरा खोल ठेवा, म्हणाले, वाकलं की फोन पडतो. मी ठेवला खोल, आतून दुहेरी कापड लावून, त्यांचा फोन मापाला मागून घेऊन. शिवताना काहीसुद्धा वाटलं नाही. सुई हातात असली की माणसाचं डोकं मापात असतं. काजं करायला बसले तेव्हा कुठे मनात आलं, की ज्याला बायकोच्या कानाशी फोन नको, त्याला स्वतःच्या काळजाशी कसा चालतो? मग वाटलं, बाळ तिच्या पोटात आहे, त्यांच्या नाही. आणि काज पुरं केलं.

मग तुझं बाळंतपणाला इकडे येणं रद्द झालं. का, तर बेकरीच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर आहे. आता त्या टॉवरवर माझा आधीपासून डोळा होता, ते तुला माहीत आहे. तो उभा राहिला तेव्हा सगळ्यात जास्त आरडाओरडा मीच केला होता. म्हणून सासूबाईंनी टॉवरचं नाव काढलं तेव्हा माझं तोंडच बंद झालं. पण मन बंद होईना. टॉवरच्या दुरुस्तीला येणाऱ्या माणसाला मी खाली गाठलं. तो म्हणाला, आजी, याचा झोत विजेरीसारखा समोर लांब जातो, पायथ्याशी फार कमी पडतो, आणि मोजणी झाली तेव्हा तुमच्या खिडकीत ठरवलेल्या मर्यादेपेक्षा खूपच खाली निघालं होतं. पगार टॉवरवाल्यांचा खाणारा तो, दुसरं काय सांगणार? त्याच्यावरही मी विश्वास ठेवला नाही.

शेवटी डॉक्टरीणबाई कोटाच्या बाह्या आखूड करायला आल्या तेव्हा त्यांना टाचण्यांमध्ये उभं करून विचारलं. अंगाला टाचण्या लागलेल्या असल्या की माणूस खोटं बोलताना हलतो, आणि त्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, फोनच्या लहरी एक्स-रेसारख्या नसतात, शरीर आतून मोडणाऱ्या नसतात. त्यांच्यामुळे आईला किंवा पोटातल्या बाळाला इजा होते असं अजून तरी कुणी ठामपणे दाखवलेलं नाही, अभ्यास चालू आहेत. तरी कुणाला काळजी वाटत असेल तर साधे उपाय आहेत. फोन अंगापासून थोडा दूर असला तरी लहरी झपाट्याने कमी होतात. स्पीकर चालेल, पण वायरचा इअरफोन लावला तरी तेच होतं आणि बोलणंही आपल्यापुरतं राहतं. लांबलचक बोलण्यापेक्षा निरोप लिहावा. जिथे रेंज कमी तिथे बोलू नये, कारण तिथे फोनला जास्त जोर लावावा लागतो. झोपताना तो उशीखाली नको, टेबलावर असू दे. आणि किरणं अडवणाऱ्या चकत्या, स्टिकरं, कव्हरं विकतात त्यांच्या नादी लागू नये. बस. त्या गेल्यावर मी बराच वेळ बाहीची टीप घालत होते आणि एकच शब्द डोक्यात फिरत होता. आपल्यापुरतं.

मी लगेच तुला वायरचा इअरफोन पाठवला. पुढच्या फोनवर विचारलं, मिळाला का, तर तू काही बोलायच्या आत सासूबाईंचा आवाज आला, त्याची वायर तुटली हो. कापल्याशिवाय न तुटणारी चांगली जाड वायर निवडून घेतली होती मी. दुसरा पाठवला. तर म्हणे वायरीतूनसुद्धा किरणं चढतात. मग मी म्हटलं, ठीक, बोलूच नये, निरोप लिहावेत. आणि निरोप यायला लागले. ‘आदरणीय आत्या, आम्ही सर्व मजेत आहोत. काळजी नसावी.’ बॉबिन, तू मला जन्मात कधी आदरणीय म्हटलंस? तू मला आत्तू म्हणतेस, आणि राग आला की ‘ए टेलर’. एका कपड्यावर दोन हातांचे टाके पडले तर गिऱ्हाइकाला कळत नाही, पण मला कळतात. या निरोपांतला एकही टाका तुझ्या हातचा नव्हता. तुझ्या बाबांना दाखवले तर म्हणाले, बघ, सासरी जाऊन किती वळण लागलं पोरीला.

मग मीच येऊन बघायचं ठरवलं. तुझ्याकडे राहिले ते दिवस मी आल्यापासून शंभरदा उसवून पाहिले आहेत. घर स्वच्छ, माणसं गोड, ताटात वाढणं भरपूर. तुझा फोन स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, डबा सासूबाईंच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेला. किरणं बाहेर येऊ नयेत म्हणून, त्या म्हणाल्या. डब्यात कोंडलेला फोन बाहेरचा रस्ता शोधत उलट जास्त धडपडतो, हे डॉक्टरीणबाईंनी नंतर सांगितलं. पण तेव्हाही मला त्या फोनपेक्षा किल्लीचंच नवल वाटलं. त्याच संध्याकाळी त्या सोफ्यावर तुझ्या मांडीला मांडी लावून बसल्या आणि स्वतःचा फोन कानाला लावून बहिणीशी इतका वेळ बोलल्या, की माझी एका स्कर्टची अख्खी तुरपाई झाली. तुझ्या पोटापासून तो फोन वीतभर होता. तू माझ्याकडे पाहिलंस आणि मग खिडकीकडे. आणि आपण दोघी एकदाही एकट्या बसलो नाही, ते तुझ्याही लक्षात आलं असेल. मी तुझे केस विंचरायला घेतले तर त्या तेलाची बाटली घेऊन आल्या. तू न्हायला गेलीस तर टॉवेल धरून दाराबाहेर उभ्या. निघताना मी तुला जवळ घेतलं तेव्हा जावईबापू हसत म्हणाले, आत्याबाई, पोटावर दाब येईल हं. मीही हसले.

घरी आल्यावर तुझ्या बाबांपुढे मी हे सगळं मांडलं. ते म्हणाले, घाबरलेली माणसं आहेत, पहिलं नातवंड आहे, घाबरलेला माणूस असंच उलटंसुलटं वागतो. हे मला पटायला हवं होतं. पटलंही असतं. पण भित्रा माणूस पाहिलाय मी, तो स्वतः आधी लपतो. फोनला खरोखर भिणारा माणूस आपलाही फोन डब्यात टाकेल. त्या घरात डबा एकच आहे, आणि सगळे नियम एकट्या तुझ्या मापाचे बेतलेले आहेत. दुसऱ्या कुणाच्या अंगाला त्यातला एकही बसत नाही.

गेल्या आठवड्यात त्यांच्याकडून पार्सल आलं. किरणं अडवणारं कापड, चंदेरी, चुरचुरीत, चॉकलेटच्या कागदासारखं. पोटावर बांधायला एप्रन शिवून द्या, आत मऊ अस्तर लावा, असा निरोप. माप घ्यायला यायची गरज नाही, आम्हीच घेऊन पाठवलंय, असंही. मी तुझ्या बाबांना दुसऱ्या खोलीत पाठवलं, माझा फोन त्या कापडात चारी बाजूंनी गुंडाळून गाठोडं केलं आणि ओरडून सांगितलं, लावा फोन. गाठोडं छान वाजलं. इतकं वाजलं की बेकरीवाला खिडकीतून डोकावला. त्या कापडाने एक लहरही अडत नाही, माशी अडली तर अडेल. कुणीतरी त्यांनाही फसवलंय, तेवढ्यापुरती मला त्यांची दयाच आली. क्षणभर वाटलं, तुझे बाबा म्हणतात तेच खरं, साधी भाबडी माणसं आहेत. कापड बाजूला ठेवलं आणि दुसरं काम घेतलं.

आणि मग तुझा परवाचा फोन. नेहमीसारखी सगळ्यांची खुशाली झाली. मी विचारलं, झोप लागते का गं, आणि तू थांबलीस. त्या शांततेत श्वास ऐकू आला, तो तुझा नव्हता. तुझ्या नाकाची शिट्टी मी लहानपणापासून ओळखते. मग तू एकदम म्हणालीस, आत्तू, माझा तो निळा फ्रॉक अजून आहे का गं? मी म्हटलं, वेडी का काय, त्याचं केव्हाच फडकं झालं. तू म्हणालीस, बरं, आणि फोन बंद झाला. मला वाटलं, पोटात बाळ आहे, लहानपणीचं काहीबाही आठवत असेल. मुलगी झाली तर घालायला हवा असेल. मी आपली मशीनपाशी बसले, चंदेरी कापड पुढे ओढलं, त्याच्या खालच्या कडेला दुमड घातली, आणि माझा पाय पायट्यावर तसाच राहिला.

तू शाळेला वसतिगृहात होतीस, तिथल्या त्या रेक्टरबाई. मुलींची येणारी-जाणारी सगळी पत्रं फोडून वाचायच्या. तू पहिल्या सुट्टीत आलीस ती वजन उतरून, आणि पत्रात मात्र दर वेळी सगळं उत्तम. तेव्हा मी तुला तो निळा फ्रॉक शिवला, खाली रुंद दुमड ठेवून, आणि दुमडीत चिठ्ठी घालून वरून निळ्याच दोऱ्याने मोठा मोठा धावदोरा घातला, एका झटक्यात ओढून निघेल असा. तू तो ढिला होतो म्हणून दर महिन्याला परत पाठवायचीस, मी दुरुस्त करून परत धाडायचे. रेक्टरबाई म्हणायच्या, काय बाई तुमची आत्या, एक फ्रॉक धड शिवता येत नाही. तुझ्या पाचवीतल्या पोटदुखीपासून ते त्या खोलीतल्या दांडगट मुलीपर्यंत सगळं मला त्या दुमडीतूनच कळलं. निळा फ्रॉक म्हणजे काय, हे फक्त आपल्या दोघींना माहीत होतं. आणि मी तुला सांगितलं, की त्याचं फडकं झालं.

म्हणून हे पत्र, आणि म्हणून ते इथे, एप्रनच्या दुमडीत. एप्रन त्यांनी सांगितला तसाच शिवलाय, मऊ अस्तर, नीट बंद, कुणी हातात घेऊन पाहिला तर एक सुरकुतीही दिसणार नाही. कापड चुरचुरतं ते एका अर्थी बरं झालं, आतल्या कागदाचा आवाज वेगळा ऐकू यायचा नाही. फक्त खालच्या कडेला निळा दोरा आहे, आणि तुझे डोळे तो पाहणारच, मला खात्री होती. पत्राबरोबर एक कोरा कागद आहे, पेन्सिलीचा तुकडा आहे, आणि अस्तरात सुई आडवी टोचलेली आहे, बोट सांभाळ. मी चुकले असेन तर फार बरं होईल, पोरी. तसं असेल तर सरळ टपालाने उघड्या कार्डावर लिही, मला हव्या तेवढ्या शिव्या दे. मी ते कार्ड मशीनच्या वर लावीन आणि तुझ्या बाबांना रोज वाचून दाखवायला सांगेन. पण मी चुकले नसेन, तर एप्रन ढिला होतो म्हणून परत पाठव. ढिला कपडा शिवणारणीकडे परत जाण्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. दुमडीत दोन शब्द घालता आले तर घाल, नाही आले तर नुसता पाठव. तो इथे पोचला की मी टेप गळ्यात अडकवून निघेन, तुझे बाबाही येतील, यंत्र कानात घालून. कपडा अंगावर बघितल्याशिवाय नीट करता येत नाही, आणि माप बंद दाराआड घ्यायचं असतं, हे मी सासूबाईंना उंबऱ्यातच सांगेन. खाली गाडी उभी असेल. पुढे काय करायचं ते तू त्या बंद दाराआड मला सांग, मी तुझ्यावर काही लादणार नाही, तुला आधीच पुष्कळांनी मापं लावली आहेत. फक्त उत्तर लवकर दे. मी रोज दुपारी मशीन थांबवून टपालवाल्याची सायकल ऐकत बसते आहे.

तुझीच,
आत्तू
(राग आला असेल तर ‘ए टेलर’)